इंग्रजीत तीन हाय

मला एका जागी बसवत नाही. सकाळी रोह्याहून गाडीत चढले, की खिडकी मिळालेली असली तरी निडी स्टेशन येईपर्यंत मी दोनदा उठते. एकदा दारापाशी जाऊन येते, एकदा पिशवीत चष्मा आहे ना ते बघते, आणि चष्मा माझ्या नाकावरच असतो. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. तसं काही नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी याच गाडीत वह्या तपासायचे, चक्क डुलक्याही काढायचे. ही अस्वस्थता गेल्या वर्षीची आहे आणि ती एका शब्दामुळे लागली. शब्द एवढासा: हाय.

पेणमधल्या ज्या खासगी इंग्रजी शाळेत मी पाचवीला शिकवते, तिला गेल्या वर्षी पंचविसावं लागलं. स्मरणिका काढायची ठरली आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण सरळ होतं. शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीत शिकलेली आणि आता तिथेच शिकवणारी मी एकटीच. प्रिन्सिपल मॅडमनी मथळे काढून दिले: स्थापना, शैक्षणिक प्रगती, विद्यार्थी जीवन, पुढील वाटचाल. प्रत्येकी एक पान, भाषा भारदस्त.

आता भारदस्त काय लिहायचं? शाळा सुरू झाली ती भाताच्या गिरणीच्या गोदामात. थोरल्या बाई, म्हणजे ज्यांनी शाळा काढली त्या, आम्ही त्यांना तेवढंच म्हणायचो, त्या गिरणीमालकाला म्हणाल्या की पावसाळ्यात तुझं गोदाम रिकामंच असतं, तेवढे महिने मला दे. त्याने दिलं. जूनपासून दिवाळीपर्यंत आम्ही गोदामात, गोणपाटावर. दिवाळीनंतर नवं भात यायला लागलं की पोत्यांच्या थप्प्या आमच्या फळ्यापर्यंत यायच्या, आणि मग एका सकाळी आम्ही दप्तरं उचलून मोहल्ल्यातल्या एका घराच्या पडवीत जायचो. त्या घरातला कर्ता माणूस आखातात होता. त्याची बायको चपला ओळीत काढून घ्यायची आणि ओळ वाकडी झाली तर आम्हा सगळ्यांना परत अंगणात पाठवायची. थोरल्या बाईंना आम्ही भीत नव्हतो, पण त्या घरवालीला भ्यायचो. मार्चात परीक्षा त्या पडवीतच व्हायच्या. आम्हाला वाटायचं सगळ्या शाळा अशाच असतात, एक पावसाळी आणि एक उन्हाळी.

गोदामातला वजनकाटा हे आमचं विज्ञान, आणि गणितसुद्धा. पोती तोलायचा तो काटा. थोरल्या बाई चार पोरांना एकदम त्यावर चढवायच्या, मग एकाला उतरवायच्या आणि विचारायच्या, उतरलेल्याचं वजन किती? आम्ही घरी गेलो की केसातून भाताचा कोंडा निघायचा. आई म्हणायची, शाळेत शिकतेस का कांडतेस गो?

आई मिठागरावर जायची. आमचं गाव धरमतरच्या खाडीलगत, आणि घर उघाडीजवळ, म्हणजे बांधाला जिथे खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं दार असतं तिथे. हे मी इथे इतक्या सहज लिहिते आहे. गेल्या वर्षीपर्यंत शाळेत हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

इंग्रजीचा पहिला तास मला आजही दिसतो. गोदामात निम्मी पोरं खाडीकडची. हजेरी घेतली की 'हजर' कोण म्हणतंय? नाव घेतलं की 'हाय बाई'. आमच्या बोलीत आहे म्हणजे हाय. थोरल्या बाई स्वतः तशा बोलत नव्हत्या, पण त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर मधोमध 'हाय' असं लिहिलं. म्हणाल्या, "तुमच्याकडं एकच हाय. मी हाय, तू हाय, तो हाय. इंग्रजांकडे तीन. अ‍ॅम, इज, आर. कुणाला कुठला हाय द्यायचा, तेवढं कळलं की अर्धं इंग्रजी झालं." आणि खरंच झालं. आठवडाभर आम्ही गोदामभर हाय वाटत फिरलो. मांजराला इज, पोत्यांना आर, स्वतःला अ‍ॅम. मी आज जे इंग्रजी शिकवते ते त्या एका शब्दातून निघालं.

इतिहासाच्या पहिल्या खर्ड्यात मी हे लिहिलं नाही. मी लिहिलं: 'शाळेने प्रारंभापासून इंग्रजी भाषेच्या अध्यापनावर विशेष भर दिला.' मॅडमना हे वाक्य फार आवडलं.

आता शाळा तीन मजली आहे. पिवळ्या बसेस आहेत, एक पेणच्या गल्ल्यांतून फिरते, एक खाडीच्या गावांना जाते, एक नागोठण्याकडे. चार रंगांचे चार हाउस आहेत, रोबोटिक्सची खोली आहे, वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात पण केक चालत नाही. वर्गात इंग्रजीच बोलायचं. मराठी बोललं की डायरीत शेरा. पोरं हुशार, ती डबा खाताना कुजबुजत मराठी बोलतात आणि भांडताना मोठ्याने. भांडणाला शेरा नाही, असा अलिखित करार आहे. परीक्षेचा निकाल चांगला लागतो. मी शिकवते त्या पाचवीला वर्गात बेचाळीस पोरं, आणि मी हट्टाने कागदी कॅटलॉगमध्ये हजेरी घेते. मग तीच हजेरी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये भरायची, की जे गैरहजर त्यांच्या घरी आपोआप मेसेज जातो.

गेल्या वर्षी जूनमध्ये सतरा नंबर माझ्या वर्गात आली. तिचं नाव मी लिहिणार नाही, हजेरीतला नंबर खरा आहे. खाडीकडच्या गावची, आमच्या गावाच्या पलीकडच्या. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला आमच्याकडे प्रवेश हवा तर चाचणी द्यावी लागते. चाचणी मीच घेतली. इंग्रजी जेमतेम होतं, पण गणित मी विचारून पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं. बोटं नाही, कागद नाही. कसं करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "दिसतं." मी तिच्यासाठी भांडले. मॅडमना म्हटलं, इंग्रजी माझ्यावर सोडा. मॅडम त्याच वर्षी पुण्याहून आलेल्या होत्या. चांगली बाई, कामसू, शिस्तीची. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी किती शुद्ध हो! मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, रोह्याची. रोहा माझं सासर. खोटं काही बोलले नव्हते.

हजेरीला सतरा नंबर उभी राहायची आणि म्हणायची, "हाय, मिस." मला गंमत वाटायची. नुसती गंमत नाही, सकाळी सकाळी आईने हाक मारल्यासारखं वाटायचं. 'प्रेझेंट' शिकवायला मी मुद्दाम उशीर करत होते, असं आता वाटतं.

जुलैत एकदा मॅडम फेरीवर असताना हजेरी चालू होती. त्या दारात थांबल्या. सतरा नंबर उठली. "हाय, मिस."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "हाय? टीचरला हाय?" मग इंग्रजीत, "आपण मैत्रिणींना हाय म्हणतो, टीचरला नाही." पोरीला काही कळेना. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला वाटलं आवाज कमी पडला असेल, म्हणून आणखी मोठ्याने म्हणाली, "हाय, मिस!"

वर्ग फुटला. ज्यांच्या घरी दिवसभर हाय-नाय चालतं ती पोरंसुद्धा हसली, कदाचित तीच जास्त हसली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "एवढे बेसिक मॅनर्स सांगितले नाहीत का तुम्ही?"

एवढंच म्हणायचं होतं: मॅडम, ती हॅलोवालं हाय नाही म्हणत, आहे म्हणतेय. एक वाक्य. पण त्या वाक्याला लगेच दुसरं लागून येणार होतं. तुम्हाला कसं माहीत? आमच्या घरी तसंच म्हणतात. आणि मग ती शुद्ध मराठी, ते रोहा, सगळं उसवत जाणार. मी म्हटलं, "सॉरी मॅडम. सांगते तिला."

मला स्वतःचा राग येतो तो या चार शब्दांसाठी. मॅडमना खरोखर माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव हाय-बाय पडलं. मी तिला बाजूला घेऊन 'प्रेझेंट, मिस' शिकवलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी हजेरीला ती उठली आणि काहीच बोलली नाही, नुसतं बोट वर केलं. मी चालवून घेतलं. ऑगस्ट, सप्टेंबर, बोटच. हळूहळू बाकीच्या तासांनाही बोट. उत्तर येत असलं तर वहीत लिहून वही वर धरायची. गणित बरोबर, इंग्रजीतसुद्धा तीन हाय जिथल्या तिथे, पण तोंड बंद. वर्गातली पोरं हळूहळू विसरली, मी मात्र विसरू शकले नाही. मी तासाला बसेनाशी झाले. खुर्ची असून उभी, उभी असून चालती. खिडकी उघड, खिडकी लाव. सहकारी शिक्षिका म्हणायच्या, बस गं जरा, आम्हालाच गरगरतं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी गाडी उशिरा आली. शाळेत पोचते तर टेबलावर इतिहासाचा खर्डा, त्यावर मॅडमची लाल खूण: 'विद्यार्थी जीवन हा भाग जिवंत वाटत नाही.' मला इतका संताप आला! जिवंत म्हणे. तशीच वर्गात गेले, कॅटलॉग उघडला. सतरा. बोट वर आलं.

"तोंडाने," मी म्हटलं.

बोट तसंच.

"तोंड आहे ना? जो बोलणार नाही तो गैरहजर. मी गैरहजेरी लावीन."

ती बघत राहिली. आणि मी लावली. कॅटलॉगमध्ये ए, अ‍ॅपमध्येही ए. समोर बसलेल्या पोरीला. डोक्यात राख घालून मास्तरकी करणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि त्या दिवशी मी त्यांच्यातलीच एक झाले. वाटलं होतं, दुपारपर्यंत बोलेल, मग खोडून पी करू. मेसेजचं माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

तासाभरात शिपाई बोलवायला आला. ऑफिसात एक बाई उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायावर मिठाचा पांढरा थर वाळलेला. मिठागरावरून तशीच आली होती. हातात मोबाईल पुढे धरलेला. "माजी पोर शाळेत नाय असा मेसेज आला. बसमदी तर मीच चढवली सकाली. कुठं गेली पोर?"

'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.' मी ते वाक्य शेकडो वेळा पाठवलं असेल. ते मिळाल्यावर कसं वाटतं, ते मला त्या बाईच्या न धुतलेल्या पायांकडे बघून कळलं.

"आहे हो, वर्गातच आहे," मी म्हटलं.

"हाय? डोल्यांनी बगितली का तुमी?"

"आत्ता माझ्यासमोर होती."

"मंग हे काय?"

शिपाई सतरा नंबरला घेऊन आला. आईने तिला आधी चाचपलं, डोकं, खांदे, दोन्ही हात, बाजारात हरवलेलं पोर सापडल्यावर चाचपतात तसं. मग ती ऑफिसच्या पायरीवर खालीच बसली. मॅडमही उठून बाहेर आल्या होत्या.

"'नाय' असं का लिवलं?" तिने मला विचारलं.

"ती हजेरीला बोलली नाही."

"बोलली नाय म्हून नाय झाली? समोर बसला व्हता ना माज्या पोरीचा देह!"

पोरगी आईच्या पदराशी लागून पहिल्यांदा बोलली, सहा महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. "हाय बोलले का हसतात."

आईने माझ्याकडे वर बघितलं. नीट बघितलं. डोळे बारीक केले. आणि तिचा आवाजच बदलला. "थांब. तू उघाडीजवलच्या घरातली ना गो? तुजी आय नि मी एका मिठागरावर व्हतो. तू तर आपलीच! आनि तुला हाय कळला नाय?"

ऑफिसात माझ्या मागे मॅडम होत्या, क्लार्क होता, शिपाई होता. मी म्हटलं, "हो. त्याच घरातली."

"दाखला द्या," ती बाई उठत म्हणाली, आता परत तुमी-आमी करत. "चौथीपत्तूर पोर पोपटासारकी बोलत व्हती. इकडं येऊन मुकी झाली. आमाला नको असली शाला."

ती पोरीला घेऊन गेली. मॅडम परत आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग त्यांनी विचारलं, "हाय म्हणजे आहे?"

"हो."

"आणि तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाही? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

खाल्लं नसतं, हे मलाही माहीत होतं. मॅडमचा चेहरा पडला होता. त्यांच्या हातून झालं ते अजाणतेपणी, माझ्या हातून झालं ते जाणूनबुजून. त्यांनी नुसता दाखल्याचा कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. वर्गशिक्षिकेने भरायचा असतो. सोमवारी द्यायचा होता.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. बहुतेक वेळा आम्ही 'पालकांची विनंती' लिहून मोकळे होतो. मी वर्तणुकीपुढे 'उत्तम' लिहिलं, अभ्यासापुढे 'उत्तम' लिहिलं. कारणापाशी थांबले. शुक्रवारी थांबले, शनिवारी थांबले. घरी पोळ्या करताना थांबले. नवरा म्हणाला, अगं पोळी जळतेय. त्या पोरीचं शिक्षण त्या रकान्याशी अडलं होतं. एकदा दाखला निघाला की जानेवारीत दुसरी शाळा कोण घेणार? घरी बसणार, मग जूनपर्यंत मिठागराची सवय होणार, मग संपलं. हे मी माझ्याच गावात डझनभर मुलींच्या बाबतीत पाहिलं होतं.

रविवारी फॉर्म पिशवीत घालून निघाले. पेणपर्यंत गाडी, तिथून सहा आसनी रिक्षा, तिथून बांधावरून पायी. आमच्या उघाडीवरून गेले. आमचं घर आता भावाने भाड्याने दिलंय, अंगणात कुणाचे तरी कपडे वाळत होते. खाडीतून धक्क्याकडे एक बार्ज चाललं होतं. मी इतकी भरभर चालत होते की बांधावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "भरती नाय लागली अजून, सावकास जा."

सतरा नंबरच्या आईने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर सुपात तांदूळ घेऊन बसली. माझ्याकडे बघेना. मी जे झालं ते सगळं सांगितलं. जुलैतलं, सॉरी मॅडम, रोहा, सगळं. माफी मागितली. ती खडे वेचत राहिली. शेवटी म्हणाली, "मला नको सांगू. ती हाय आत. तिला सांग."

पोरगी दाराआडच होती. बाहेर आली, माझ्या हातातला फॉर्म घेतला, वाचायला लागली. तिचं बोट कारणापाशी थांबलं. "इथं कायच नाय."

"काय लिहू?"

तिने खांदे उडवले. मग विचारलं, "मिस, तुमी लहानपनी हजेरीला काय बोलायच्या?"

"हाय बाई, असंच." मी तिला गोदाम सांगितलं, कोंडा सांगितला, वजनकाटा, फळ्यावरचा हाय, मांजराला इज आणि पोत्यांना आर. ती ऐकत होती, पण तिच्या तोंडावर सरळ सरळ अविश्वास होता. इतकी इस्त्रीची साडी नेसणारी बाई हाय बोलत असेल, हे तिला पटत नव्हतं.

"बोलून दाखवा."

"हाय," मी म्हटलं.

तिने मान जोरजोराने हलवली. "असा नाय. ह्यो इंग्लिशमदला झाला."

मी परत म्हटलं. तिने परत मान हलवली. मला स्वतःलाही ऐकू आलं. आखडलेलं, गुळगुळीत, फोनवर म्हणतात तसलं हाय. वीस वर्षं आहे-आहे करून माझ्या जिभेने तो शब्द टाकून दिला होता. जो शब्द मॅडमना कळला नाही म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते, तो मलाच बोलता येत नव्हता.

"हा लांब करायचा," पोरगी मला शिकवायला लागली, "आनि य गिळायचा. हाऽय. जोर नाय लावायचा."

"हाऽय."

"आता जोर लावलाव."

तिची आई सुपाआड हसायला लागली. मग पोरगीही हसली. मी पाच-सहा वेळा म्हटलं, शेवटचा म्हणे बरा होता. मी त्या पाटावर तासभर बसले असेन, आणि उठावंसं वाटलं नाही. महिन्यांत पहिल्यांदा पाय शांत होते. निघताना आई म्हणाली, "उद्या बसमदी चढली तर चढली. नाय तर ते कागूद भरून पाठव."

त्या संध्याकाळी रोह्याला पोचल्यावर मी इतिहासाचं 'शैक्षणिक प्रगती' हे पान फाडलं आणि पहिल्यापासून लिहिलं: आमच्या शाळेत इंग्रजीची सुरुवात एका हायने झाली. सोमवारी सकाळी ते मॅडमना दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाल्या, "मीही येते वर्गात. हे पोरांना सांगा. माझ्यासमोर सांगा." त्या येऊन शेवटच्या बाकावर पोरांशेजारी बसल्या.

सतरा नंबर आली होती. खिडकीकडच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. तिला बघितलं आणि मला रडूच येणार होतं, पण बेचाळीस पोरांपुढे रडायची सोय नसते.

मी वर्गाला गोदाम सांगितलं, मराठीत सांगितलं. सांगितलं की मी खाडीकडची आहे आणि आमच्या घरी हाय म्हणतात, आणि जुलैत मी गप्प बसले ती माझी चूक. मॅडम मागून म्हणाल्या, माझीही. मग मी म्हटलं, आजपासून हजेरीला ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. हजर, प्रेझेंट, हाय, काहीही.

पोरांना तेवढंच पुरे होतं. एक नंबर ताडकन उठला, "हाय, मिस!" दोन नंबर, "हाय, मिस!" पोरं खूश, मॅडम हसताहेत. तीन, चार, पाच, सगळी हाय. सगळ्यांचं ते इंग्लिशमदलं. कुणी हात हलवून, कुणी मान तिरकी करून. वर्गात जत्रा भरल्यासारखं झालं. मला वाटलं, जमलं. मी अकरा, बारा, तेरा घेत होते आणि मनात सतराची वाट बघत होते. आता ती उठेल, हा लांब करेल, य गिळेल, आणि या सगळ्यांना कळेल खरं हाय कसं असतं.

"सतरा."

ती उठली. दप्तर बाकावर ठेवलं. सरळ उभी राहिली. "प्रेझेंट, मिस."

एकही चूक नाही. मी पेन तसंच धरून थांबले. वर्गही थांबला. मला अजून काहीतरी यायचं आहे असं वाटत होतं, आणि माझा चेहरा बहुतेक तसा झाला असावा. तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही, आणि परत ए पडेल. ती घाबरली. आणि तिने मला समजेल अशा भाषेत, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं:

"मी आहे, मिस. आहे."

अगदी माझ्यासारखं म्हणाली.